रेव्हिटमध्ये वीट-प्लास्टरची भिंत काढताना या चुका टाळा

रेव्हिट या इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका बंगल्याचं मॉडेल करत होतो. 230 मिमीचे कॉलम ग्रिडवर (आखून घेतलेल्या मापाच्या रेषांवर) बरोबर बसलेले, भिंती पण ग्रिडवरच काढलेल्या, आणि तरी प्लॅनमध्ये झूम केलं की प्रत्येक कॉलम बाहेरच्या प्लास्टरमध्ये घुसलेला आणि आतल्या बाजूला कॉलम आणि प्लास्टरच्या मध्ये विटेचा एक बारीक पापुद्रा. मोजला तर 4 मिमी. अर्धा दिवस कॉलम इकडे-तिकडे सरकवण्यात घालवला, आणि चूक कॉलमची नव्हतीच.

हिशोब करून बघा. आपली नेहमीची बाहेरची भिंत म्हणजे बाहेरून 20 मिमी प्लास्टर, मध्ये 230 ची वीट, आतून 12 मिमी प्लास्टर, एकूण 262. भिंत काढताना लोकेशन लाईन (भिंत ज्या रेषेला धरून काढली जाते ती) वॉल सेंटरलाईनवर, म्हणजे पूर्ण जाडीच्या मध्यावर, राहून गेली की ग्रिडवर येतो 262 चा मध्य, म्हणजे बाहेरून 131. पण विटेचा मध्य आहे 20 अधिक 115, म्हणजे 135 वर. आले ना 4 मिमी! साइटवर गवंडी दोरी विटेच्या हिशोबाने बांधतो, प्लास्टर नंतर चढतं, मग मॉडेलमध्ये तरी वेगळं कशाला. कोअर सेंटरलाईन घ्या (कोअर म्हणजे भिंतीचा गाभा, इथे वीट), किंवा वीट कॉलमच्या बाहेरच्या फेसला लावायची असेल तर कोअर फेस एक्स्टिरिअर, आणि भिंत काढायच्या आधी घ्या. कारण नंतर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन लोकेशन लाईन बदलली तर भिंत जागची हलत नाही, फक्त पुढे टाईप (थरांसकट ठरवलेला भिंतीचा प्रकार) बदलताना किंवा फ्लिप (आतली बाजू बाहेर) करताना कुठली रेष धरून ठेवायची तेवढं बदलतं. मग अलाइन टूल घेऊन एकेक भिंत रेषेवर आणत बसावं लागतं, आणि मी तेच केलं.

फ्लिपचं पण तसंच. भिंत उलटी पडली, म्हणजे 20 चं प्लास्टर बेडरूममध्ये आलं, की आपण स्पेसबार दाबतो आणि प्लास्टर बाहेर गेलं म्हणून खूश होतो. पण लोकेशन लाईन वॉल सेंटरलाईन असेल तर वीट त्या झटक्यात 8 मिमी सरकते आणि कुणाच्या लक्षात पण येत नाही. कोअर सेंटरलाईनला वीट जागच्या जागी राहते. सगळ्यात बरं म्हणजे बाहेरच्या भिंती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने काढा, बाहेरची बाजू आपोआप बाहेर राहते.

आता लेयरचं फंक्शन, म्हणजे भिंतीच्या प्रत्येक थराला दिलेलं काम. हे नवीन पोरं हमखास चुकतात, आणि दोष त्यांचा नाही, कारण नवीन लेयर टाकला की फंक्शनच्या रकान्याकडे कोण बघतो. विटेला स्ट्रक्चर 1, प्लास्टरला फिनिश 4 किंवा 5. हे आकडे नुसते नावाला नाहीत, दोन भिंती भेटतात तिथे कमी आकड्याचा लेयर आधी घुसतो. आतली 115 ची भिंत बाहेरच्या भिंतीला टी मध्ये भेटली की तिची वीट आतलं प्लास्टर कापून थेट विटेला जाऊन भिडली पाहिजे. प्लास्टरला पण चुकून स्ट्रक्चर दिलं असेल तर जॉइनमध्ये सगळी खिचडी होते आणि मग लोक वॉल जॉइन्स टूल घेऊन तासभर बट, मायटर, स्क्वेअर ऑफ फिरवत बसतात. आधी फंक्शन तपासा. शिवाय प्लास्टर कोअर बाउंड्रीच्या बाहेर आहे ना ते पण बघा, आत राहिलं तर कोअर सेंटरलाईन घेऊन पण काही उपयोग नाही, आणि खिडकीच्या कडेला प्लास्टर वळवायचा रॅपिंगचा ऑप्शन पण त्या लेयरवर चालत नाही.

फंक्शन बरोबर आहे तरी दोन विटांच्या मध्ये रेष दिसतेय? मटेरियल बघा. जुन्या फाइलमधून भिंत कॉपी केली की ‘वीट’ आणि ‘वीट 2’ अशी दोन मटेरियल होऊन बसू शकतात, रेव्हिटच्या दृष्टीने ती दोन वेगळी. आणि लेयर दिसतच नसतील तर घाबरू नका, व्ह्यूचा डिटेल लेव्हल कोअर्स (Coarse, म्हणजे कमी तपशील) असेल, मीडियम करा.

वॉटरप्रूफिंगच्या लेयरला मेंब्रेन फंक्शन दिलं तर जाडी 0 च ठेवायची, दीड मिमी टाकलं की एरर येतो. खरी जाडी दाखवायचीच असेल तर दुसरं फंक्शन द्या.

रूमचा एरिया वेगळा येतोय ही तक्रार पण इथूनच निघते. एरिया कम्प्युटेशन्समध्ये फिनिशपर्यंत मोजायचं की कोअरपर्यंत ते निवडता येतं. विटेपासून विटेपर्यंत 3 बाय 3.6 मीटरची खोली 10.8 चौरस मीटर, तीच 12 मिमी प्लास्टर धरून 10.64, म्हणजे एका खोलीत जवळपास 1.7 चौरस फूट गेले. क्लायंटला आकडा द्यायच्या आधी हे ठरवून घ्या.

आणि टॉयलेटच्या टाइल्स. 2100 मिमीपर्यंतच डॅडो (भिंतीवरच्या टाइल्स) आहे आणि भिंतीच्या टाईपमध्ये टाइलचा लेयर टाकलाय, म्हणजे तो स्लॅबपर्यंत जाणार आणि क्वांटिटी फुगणार. त्याहून वाईट म्हणजे डुप्लिकेट न करता थेट टाईप एडिट केला तर त्या टाईपच्या सगळ्या भिंतींना, अगदी हॉलला पण टाइल लागते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मी टाइलची वेगळी पातळ भिंत काढतो, उंची 2100, आणि मूळ भिंतीशी जॉइन जॉमेट्री करतो. जॉइन विसरलात तर दरवाजा मूळ भिंतीत कापला जातो आणि टाइल त्याच्यावरून सरळ जाते, प्लॅनमध्ये नीट लक्ष दिलं नाही तर ते थ्रीडी व्ह्यू क्लायंटसमोर उघडल्यावरच कळतं.