ब्रेक धरतोय आणि हातात वीसच मिनिटं: शनिवारची तयारी

ट्रक १९६८ ची शेवरोले सी-टेन, मुक्काम टेक्सास, आणि दुखणं असं की घरातून निघताना गाडी एकदम मोकळी चालते, आठ-दहा मैल झाले की पुढची दोन्ही चाकं धरायला लागतात, पेडल दगडासारखं होतं, सिग्नलला ब्रेकवरचा पाय काढला तरी ऑटोमॅटिक असून गाडी जागची हलत नाही, आणि घरी आणून तासभर उभी केली की परत सगळं ठीक, जणू काही झालंच नव्हतं. एका गॅरेजने दोन्ही कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड्स दाबणारे भाग) बदलले, बिल हातात ठेवलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांनी ट्रक रात्रभर थंड झाल्यावर सकाळी उचलला होता, मग त्यांना काय दिसणार. मी मात्र मंडळात छाती पुढे काढून सांगून बसलोय की यंदा विसर्जनाच्या मिरवणुकीत मूर्ती माझ्याच ट्रकमधून, त्यामुळे येत्या शनिवारी याचा निकाल लावायचाच आहे.

तर हे काम गरम असतानाच करायचं, आणि गरम म्हणजे वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. त्यात पाना शोधायला गेलो तर खेळ संपला. म्हणून शुक्रवारी रात्रीच सगळं मांडून ठेवायचं. जॅक पुढे जिथे लागणार तिथेच, शेजारी दोन जॅकस्टँड योग्य उंचीला उघडून, मागच्या चाकांना लावायला लाकडी ठोकळे (विटा नकोत, फुटतात). फ्लेअर नटचे, म्हणजे ब्रेक लाईनच्या टोकाच्या नटचे, पाने ३/८ आणि १/२ इंची. हे साध्या ओपन पान्याने करायला गेलात तर जुन्या नटचे कोपरे गोल होतात आणि मग अख्खी लाईन बदलायची वेळ येते, मागच्या वर्षी केलंय, पुन्हा नको. ब्लीडरला (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) कुठला पाना बसतो ते आत्ताच लावून बघायचं, नवीन कॅलिपरचा जुन्यापेक्षा वेगळा असू शकतो. व्हील पानेही दोन ठेवायचे, कारण या सी-टेनला मुळात पुढे ड्रम होते, डिस्क कोणीतरी नंतर किट आणून बसवलेत, आता पुढे पाच बोल्ट आणि मागे सहा. स्टेपनी नक्की कुठल्या टोकाची हा प्रश्न मी सध्या देवावर सोडलाय.

बाकी चिंध्या भरपूर, प्लास्टिकची रिकामी बाटली, पारदर्शक नळी, चष्मा, जाड हातमोजे आणि बादलीभर पाणी, कारण ब्रेक ऑईल रंगावर सांडलं की रंग उचलतं, लगेच धुवावं लागतं. ऑईल डॉट ३ चं नवीन सीलबंद, उघडा पडलेला अर्धा डबा अजिबात नाही, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरड्या डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ डिग्री सेल्सियस असावा लागतो, पाणी शिरलेलं ऑईल १४० लाच उकळू शकतं, आणि धरलेल्या डिस्कजवळ १४० म्हणजे काहीच नाही. टेंपरेचर गन चार्ज करून ठेवायची. कॉम्प्रेसर मात्र बंद, चाकातली धूळ हवा मारून उडवायची नाही, मागच्या ड्रममध्ये कुठल्या काळातले लायनर आहेत कुणास ठाऊक, जुन्यात ॲस्बेस्टॉस असायचं.

दोन गोष्टी थंड असतानाच, शुक्रवारी रात्री. मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की लाईनमध्ये ऑईल ढकलतो तो, वर ऑईलची टाकी असते) झाकण काढून खालचा रबर बघायचा. तो फुगून लाटालाटांचा झाला असेल तर कोणीतरी कधीतरी ब्रेक ऑईलच्या जागी इंजिन ऑईल किंवा स्टिअरिंग ऑईल ओतलंय, मग सगळ्या सील्सची तीच गत, पुढची यादी फाडून टाका आणि सगळं रबर बदला. रबर सपाट असेल तर दुसरी गोष्ट: चिरंजीवांना सीटवर बसवायचं, पेडल अगदी हळू दाबायला सांगायचं आणि आपण मोठ्या कप्प्यात, म्हणजे डिस्कच्या कप्प्यात, तळाला बघत राहायचं. पेडल हललं की तळाच्या बारीक भोकातून ऑईलचं छोटंसं कारंजं उडायला हवं. नाही उडालं तर पिस्टनने ते भोक आधीच झाकलंय, पूर्ण मागे येतच नाहीये. मग ऑईल गरम होऊन फुगलं की त्याला टाकीत परत जायला वाटच उरत नाही, ते पॅड्स दाबतं, पॅड्समुळे आणखी गरम होतं आणि चक्र सुरू. माझा संशय यावरच आहे, कारण दोन्ही चाकं एकदम धरतात. एकच बाजू धरली असती तर तिथला होज (कॅलिपरला जाणारी रबरी नळी) किंवा कॅलिपर म्हटलं असतं, पण दोन्ही कॅलिपर एकाच दिवशी संपावर जात नाहीत.

आता शनिवार. ट्रक काढायचा, धरेपर्यंत चालवायचा, पण लांब नाही, घराभोवतीच चकरा. परत आणून ठोकळे लावायचे, दोन्ही डिस्कचं टेंपरेचर कागदावर लिहायचं, उचलायचं, स्टँडवर टेकवायचं, चाक हाताने फिरवून किती जड आहे ते बघायचं. आणि इथे सगळ्यात मोठा मोह होतो तो थेट ब्लीडर उघडायचा. तो उघडायचा नाही! ब्लीडर उघडला की दाब सुटतो, चाक फिरतं, आपण खूश होतो आणि पुरावा जमिनीवर सांडलेला असतो. दाब अडकलाय एवढंच कळतं, कुठे अडकलाय ते नाही. म्हणून वरून खाली यायचं, आणि एकेक पायरीनंतर चाक फिरवून बघायचं.

पहिलं पेडल, पाय मागून घालून वर ओढायचं. सुटलं तर ब्रेक लाईटचा स्विच किंवा स्प्रिंग, फुकटात काम झालं. मग इंजिन बंद असताना बूस्टरची, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणाऱ्या डब्याची, व्हॅक्यूम नळी काढायची. मग मास्टरचे बूस्टरला धरणारे दोन नट सैल करून मास्टर तीन-चार मिलीमीटर पुढे ओढायचा, लाईन्स वाकतील इतका नाही. इथे सुटलं तर मधला पुशरॉड (बूस्टरमधून मास्टरचा पिस्टन ढकलणारी दांडी) लांब आहे. नाही सुटलं तर मास्टरच्या पुढच्या ब्रेकच्या लाईनचा नट चिंधी धरून जरासा उघडायचा. सुटलं तर दोष मास्टरमध्येच, बहुतेक ड्रमचा जुना मास्टर डिस्कला तसाच जोडलाय, त्यात लाईनमध्ये साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, ड्रमला तो चालतो पण डिस्कला नाही. शंका असली तर नंतर लाईन काढून त्या भोकात पेपर क्लिपची तार घालायची, आत रबराला अडली तर व्हॉल्व्ह आहे. त्याखाली कॉम्बिनेशन व्हॉल्व्हच्या (पुढच्या-मागच्या ब्रेकला दाब वाटून देणारा) बाहेरचा नट, मग चासीवर लोखंडी पाईप जिथे होजला मिळतो तो, आणि अगदी शेवटी ब्लीडर. फक्त ब्लीडरलाच सुटलं तर होज आतून फुगून बंद झालाय, बाहेरून तो कितीही छान दिसो. आणि ब्लीडर उघडूनही चाक जडच राहिलं तर मग कॅलिपरच्या सरकपिना आणि पिस्टन. तेव्हा गॅरेजवाल्याची मनातल्या मनात माफी मागेन.

पुशरॉड निघाला तर मोजायला स्वयंपाकघरातली कणीक. मटाराएवढी गोळी रॉडच्या टोकाला लावायची, मास्टर बसवून नट आवळायचे, परत काढायचा आणि चेपलेल्या कणकेची जाडी बघायची. एक मिलीमीटरच्या आत पण शून्य नाही, एवढी फट हवी. कणीक दाबून पार निघूनच गेली असेल तर रॉड टेकतोय, टोकाचा बोल्ट आत घ्यायचा. नंतर नीट पुसायचं, बूस्टरमध्ये कणीक सोडायची नाही, आणि हिला विचारून घ्यायची, पोळ्यांच्या वेळेला नाही.

लाईन जिथे जिथे उघडली तिथून हवा शिरणार, म्हणून एअर काढायला माणूस हवाच. चिरंजीव शनिवारी अकराच्या आधी उठत नाहीत, त्यामुळे शेजारच्या काकांना आजच सांगून ठेवलंय, सकाळी नऊला, चहा आमच्याकडे. एअर काढून झाली की परत तीच चक्कर, तेच आठ-दहा मैल, आणि टेंपरेचर त्याच कागदावर खाली लिहायचं. नंतर अर्धा तास मिरवणुकीच्या स्पीडने, म्हणजे माणसाच्या चालीने, गल्लीत वर-खाली, मागे वाळूच्या चार गोण्या टाकून.