झुरळ मोठं की लहान, आधी ते बघा

ठाणे काय नि नवी मुंबई काय, पावसाळ्यात सोसायटीचे चेंबर तुंबले की झुरळं वर येतात. स्प्रे मारण्याआधी झुरळ नीट बघा. दोन जातींचे उपाय वेगवेगळे आहेत.

दीड इंचाचं, तांबूस, मानेवर पिवळसर कड असलेलं झुरळ गटारातलं. त्याची वस्ती घरात नसते, त्यामुळे वाट बुजवली की बहुतेक काम झालं. नहाणी ट्रॅपची, म्हणजे बाथरूमचं पाणी जिथून खाली जातं त्या तोंडाची, जाळी उचलून आतली वाटी जागेवर आहे का बघा. साफसफाईत काढलेली वाटी बरेचदा परत बसवलीच जात नाही. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममधल्या ट्रॅपचं पाणी आटतं, तिथे आठवड्याला एक मग पाणी ओता. सिंकचा आणि वॉशिंग मशीनचा पाईप जिथे ड्रेनेजमध्ये नुसता खुपसलेला असतो, ती फट रबरी रिंग किंवा सिलिकॉनने बंद करा.

अर्ध्या इंचाचं, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या उभ्या रेघा? मग ते जर्मन झुरळ, आणि ते स्वयंपाकघरात मुक्कामालाच आलेलं असतं. ट्रॉलीच्या बिजागऱ्या, फ्रिजच्या कॉम्प्रेसरची ऊब, मिक्सरचं बूड या त्याच्या जागा. किराण्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतूनही ते येतं. अंड्यांच्या एका पिशवीत ३० ते ४० अंडी असतात आणि मादी ती फुटायला येईपर्यंत शरीराला चिकटवूनच फिरते. दिवसाढवळ्या दिसू लागलं, तर आत गर्दी झाली समजा.

यावर झुरळांचं जेल, म्हणजे विष मिसळलेलं आमिष, उत्तम. रात्री ओटा आवरल्यावर ट्रॉल्या पूर्ण बाहेर काढा, तेलकट थर साबणाच्या पाण्याने पुसा, कोरडं होऊ द्या. मग बिजागरीमागे, कोपऱ्यात, फटींच्या तोंडाशी मसुराएवढे ठिपके फूटभर अंतराने द्या. एकच मोठा गोळा वाया जातो. बहुतेकांचं इथेच चुकतं: जेल लावून वर स्प्रे मारतात. स्प्रेच्या वासाने झुरळ जेलला तोंडच लावत नाही. त्या जागा फिनाईलनेही पुसू नका. दोन आठवड्यांनी संपलेले ठिपके पुन्हा भरा, कारण तोवर नवी पिल्लं बाहेर आलेली असतात.

बोरिक पावडर वापरायची तर कोरड्या जागी, जेमतेम दिसेल इतकीच भुरभुरा. ढीग दिसला की झुरळ वळसा घालून जातं. पोरं नि मांजरं पोहोचतील तिथे जेल नको, पावडरही नको.

मोरीतल्या केसाळ पंखांच्या बारीक माश्यांचं वेगळं. रात्री जाळीवर थोडी फट ठेवून सेलोटेप चिकट बाजू खाली करून लावा. सकाळी माश्या चिकटल्या असतील, तर अळ्या पाईपच्या आतल्या बुळबुळीत थरात आहेत. तो लांब दांड्याच्या ब्रशने घासूनच काढावा लागतो. वरून ॲसिड ओतून भागत नाही, आणि ॲसिडमध्ये ब्लीच तर कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो.