जखमी गार पडतो, उष्माघाताचा तापत राहतो: पॅरामेडिकनी या चुका टाळा

नडगीचं हाड कातडीबाहेर आलेलं दिसलं की नवख्या पॅरामेडिकची नजर तिथेच अडकते. ते हाड भयंकर दिसतं खरं, पण जीव घेतं ते बहुधा दुसऱ्या मांडीतून पँटमध्ये गुपचूप मुरणारं रक्त. म्हणूनच क्रम ठरलेला आहे: आधी भळभळणारं रक्त, मग श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, आणि शेवटी कपडे कापून पाठीसकट सगळं अंग.

टूर्निके (रक्त थांबवायला हाता-पायाला आवळायचा, दांडा असलेला पट्टा) बांधूनही रक्त थांबत नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे पट्ट्यात राहिलेली ढील. लोक पट्टा गुंडाळतात आणि लगेच तो आवळणारा दांडा पिळायला घेतात. पट्टा आधी हातानेच इतका ओढा की त्याखाली बोटांची टोकं शिरता कामा नयेत, पिळायचं त्यानंतर. जखमेच्या वर ५ ते ७ सेंमी, सांध्यावर कधीच नाही, आणि खाली खिशातला मोबाइल किंवा किल्ल्या नाहीत ना, ते बघून. अर्धवट आवळलेली टूर्निके नसलेल्यापेक्षा वाईट: शीर दबते, धमनी चालूच राहते, त्यामुळे रक्त आत येत राहतं आणि परतीची वाट फक्त जखमेतून उरते. रक्त थांबलं आणि पट्ट्याच्या पुढच्या भागातली नाडी लागेनाशी झाली की काम झालं. नाही थांबलं तर दुसरी टूर्निके पहिलीच्या वर, अगदी लागून. वेळ लिहा. ‘पायाला जरा रक्त मिळू दे’ म्हणून वाटेत सैल करू नका.

जांघेत किंवा काखेत टूर्निके बसत नाही. तिथे गॉज जखमेच्या तळापर्यंत ठासून भरायचं आणि दाबून धरायचं: रक्त गोठवणारं गॉज असेल तर किमान ३ मिनिटं, साधं असेल तर १०. मध्येच उचलून ‘थांबलं का?’ बघितलं की नुकतीच धरलेली गुठळी सुटते.

रक्तदाब १२० आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून आकडा बराच वेळ टिकवतं आणि मग एकदम कोसळतं. जलद नाडी, गार चिकट कातडी आणि उगाचची बेचैनी हे आधी कळवतात. आकडा घसरला की सलाईनच्या बाटल्या धडाधड सोडणं ही पुढची चूक. सलाईनने रक्त पातळ होतं, थंडही होतं, आणि थंड रक्त नीट गोठत नाही. डोक्याला मार नसेल तर वरचा रक्तदाब ८० ते ९० पुरतो. डोक्याला मार असेल तर मात्र ११० च्या खाली जाऊ द्यायचा नाही. ओले कपडे काढा, ब्लँकेट अंगावर घाला तसं अंगाखालीही घाला. हवा गरम असली तरी जखमी गार पडतो, हे फार जण विसरतात.

उष्माघातात गणित उलटं. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर आणि त्यासोबत बरळणं, झटके किंवा बेशुद्धी, एवढं निदानाला पुरे. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हा समज धोक्याचा आहे. धावपटू किंवा मजूर घामाने निथळत असतानाही उष्माघातात असू शकतो. काखेतला थर्मामीटर इथे फसवतो, गुदमार्गाने मोजा. घाईने गाडीत घालू नका: श्वास ठीक असेल आणि पाण्याची सोय असेल, तर जागेवरच मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवा, डोकं धरून ठेवा, मग हलवा. टब नसेल तर ओल्या थंड चादरी सतत बदला, वर पंखा. नुसत्या काखेत बर्फाच्या पिशव्या अपुऱ्या पडतात. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरलं पाहिजे. ३९ च्या आसपास आलं की थांबवा, नाहीतर रुग्णाचं तापमान गरजेपेक्षा खाली घसरत जातं. पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप नव्हे, त्यामुळे गोळीला करायला काही नसतं.

थंडीने गारठलेल्याची नाडी ५ सेकंदांत लागली नाही म्हणून छाती दाबायला घेऊ नका. ती अगदी संथ आणि मंद असते. श्वास आणि नाडी पूर्ण मिनिटभर शोधा. उचलताना आडवाच ठेवा, हिसका बसू देऊ नका: गार हृदय धक्क्याने फडफडू लागतं. आणि हिमदंशाने पांढरी पडलेली बोटं चोळू नका, पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर शेकूही नका.