रिअ‍ॅलिटी शोचे शीर्षकसंगीत: आधी मात्रा मोजा, मग चाल बांधा

रिअ‍ॅलिटी शोच्या शीर्षकसंगीतासाठी ३० सेकंद मिळाले असतील, तर लय मिनिटाला १२८ मात्रांची ठेवावी. म्हणजे चार मात्रांची १६ आवर्तने नेमकी ३० सेकंदांत बसतात, आठ आवर्तनांत १५ सेकंदांची आवृत्ती निघते आणि संकलकाला चाल मध्येच कापावी लागत नाही. मिनिटाला १२० मात्रा धरल्यास आवर्तने १५ होतात आणि शेवटची ओळ लंगडी पडते. शेवटचे आवर्तन मात्र रिकामे सोडावे, कारण झांजेची किंवा सतारीच्या तरफांची (मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तारांची) आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, विरायला तेवढा वेळ लागतोच.

संपूर्ण रचनेचा कणा चार-पाच स्वरांचाच असावा. हाच तुकडा स्पर्धक बाद होताना संथ लयीत आणि निकालाआधी नुसत्या ठोक्यांवर वापरता येतो. निवेदकाच्या बोलण्याखाली वाजणाऱ्या आवृत्तीतून मुख्य चाल काढून टाकावी, म्हणून प्रत्येक वाद्याचा ट्रॅक ४८ किलोहर्ट्‌झवर (सेकंदाला ध्वनीचे ४८,००० नमुने) स्वतंत्र द्यावा.

सांगली-मिरजेकडच्या संगीतकाराला सतार, तंबोरा आणि हलगी हाताशीच असतात. त्यांपैकी हलगी टीव्हीसाठी विशेष उपयोगी, कारण घरातल्या टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधून खर्जातला दणका जवळजवळ नाहीसा होतो, तर हलगीवरच्या बारीक काडीचा कडकडाट स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जातो. (हेडफोनवर खूश होऊन काम पाठवण्याची चूक मीही केली आहे.)