अंगणातले पक्षी टिपताना या चुका टाळा

‘पिवळा आहे, चिमणीहून लहान आहे, कोणता असेल?’ फोटोसकट हा प्रश्न सतत येतो. नुसत्या रंगावर भिस्त ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. जांभळ्या शिंजिराचा (सनबर्डचा) नर विणीच्या काळात सावलीत निव्वळ काळा दिसतो, ऊन पडलं की निळा-जांभळा चमकतो, आणि वीण सरली की मादीसारखा पिवळट होतो. गळ्यापासून पोटाकडे जाणारी गडद पट्टी तेवढी उरते. चोच मात्र बारा महिने तीच, बारीक आणि खाली वाकलेली. म्हणून मी आधी चोच बघतो, मग शेपूट, मग तो काय करतोय ते. कोकिळेच्या कुळातल्या पावशाला शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, म्हणणाऱ्यांनी चोच नीट पाहिली, तर ती शिकाऱ्यासारखी आकडीदार नाही हे लगेच कळेल.

अ‍ॅप (फोटो किंवा आवाजावरून पक्षी ओळखणारं) जरूर वापरा, पण त्यावर निकाल लावू नका. कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची नक्कल करतो, तिथे नुसत्या आवाजावरून काय ठरवणार?

आता घरट्यांचे फोटो. याबाबतीत मी कुणाचंच ऐकून घेत नाही. शेजारच्या बागेत शिंपी पक्ष्याने दोन पानांच्या कडांना चोचीने भोकं पाडून, कोळ्याचं जाळं आणि धागे ओवून घरटं शिवलं होतं. आत पिल्लं होती. नवी लेन्स घेतलेल्या एका गृहस्थांनी ‘जरा स्वच्छ दिसावं’ म्हणून आडवी येणारी पानं दोऱ्याने मागे बांधली. फोटो झकास आले. दुसऱ्या दिवशी सकाळी भारद्वाज त्या झुडपात शिरला आणि घरटं रिकामं झालं. ती पानं म्हणजे पिल्लांची सावली होती आणि आडोसाही. घरटं दिसलं की मी मागे फिरतो. तुम्हीही फिरा. विणीच्या दिवसांत मोबाइलवर आवाज वाजवून नराला बोलावणंही बंद करा. प्रतिस्पर्धी आलाय समजून तो चरायचं सोडून त्याच्यामागे लागतो.

बाकीच्या चुका किरकोळ. शटरचा वेग 1/1000 सेकंदाच्या खाली नेला की हे चिमुकले जीव हललेलेच येतात. मागे उजळ आभाळ असेल तर कॅमेऱ्यात एक्स्पोजर +1 करा, म्हणजे फोटो एक पायरी उजळ घ्या, नाहीतर पक्ष्याची नुसती काळी आकृती मिळेल. फोकस डोळ्यावर हवा.

आणि पक्ष्यामागे पळू नका. उथळ भांड्यात पाणी ठेवा, जवळ एक सुकी फांदी रोवा, मागची झाडी दूर राहील असं बघा आणि गप्प बसा. बुलबुल आधी फांदीवर टेकतो, मग पाण्यावर उतरतो. फोकस त्या फांदीवर आधीच लावून ठेवा.