मांजराचं खाणं आणि बशीभोवतीचा पसारा: या चुका टाळा

ओट्याखाली दाणे विखुरलेले, पाण्याचं भांडं कलंडलेलं, सोफ्यावर चिकनचा तुकडा. मांजर असलेल्या घरात सकाळची सुरुवात बहुधा अशीच होते, आणि पहिला हात जातो फडक्याकडे. पहिली चूक इथेच होते. पुसण्याआधी अर्धा मिनिट थांबून पसारा नीट बघा. दाणे अख्खे आहेत की चावून टाकलेले? ओले की कोरडे? बशीच्या एकाच बाजूला पडलेत की चहूकडे? मांजर मुद्दाम घाण करत नाही. त्याला काहीतरी अडचण असते किंवा त्याच्या अंगचा स्वभाव बोलत असतो, आणि कारण कळलं की बहुतेक वेळा उपाय घरातच सापडतो.

खोल वाटीत खाणं घालणं

दाणे अख्खे, कोरडे आणि वाटीच्या अगदी लगत पडले असतील तर दोष बहुतेक वाटीचा असतो. आमटीची वाटी मांजरासाठी खोल आणि अरुंद असते. तळाचे दाणे तोंडाने नीट येत नाहीत, म्हणून ते पंजाने उकरून बाहेर काढतं आणि फरशीवर खातं. यासाठी महागडं भांडं आणायची गरज नाही. कपाखालची जुनी बशी किंवा 14-15 सेंटीमीटर रुंदीची, जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर काठाची नाश्त्याची प्लेट पुरते. बशी हलकी असल्याने गुळगुळीत फरशीवर सरकते आणि मांजर तिच्यामागे घरभर फिरत खातं, तेव्हा खाली जुना माऊसपॅड ठेवा. त्याचं रबर फरशी धरून राहतं आणि तो धुताही येतो. प्लास्टिकची भांडी टाळलेलीच बरी. त्यांवर ओरखडे पडतात, ओरखड्यांत तेलकटपणा आणि जंतू राहतात, आणि काही मांजरांच्या हनुवटीवर काळे ठिपके व पुरळ उठतं.

पर्शियन मांजराचं गणित वेगळं आहे. चपट्या तोंडामुळे दाणा उचलताना त्याला जिभेची खालची बाजू वापरावी लागते, त्यामुळे थोडं सांडणारच. त्याला मांजराकडे झुकलेली, साधारण 15 अंश तिरकी प्लेट द्या. बशीच्या मागच्या कडेखाली लाकडाची पट्टी सारली तरी तेवढा उतार मिळतो. ओलं खाणं दिल्यावर तोंड कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने पुसा, नाहीतर नाकाच्या घडीत अन्न साचून कातडी लाल होते.

तुकडा तोंडात धरून गादीवर किंवा पलंगाखाली नेणं हा वाटीचा दोष नाही. शिकार सुरक्षित जागी नेऊन खायची ती सवय आहे. घरात दोन मांजरं असतील आणि त्यांच्या बशा शेजारी-शेजारी असतील तर ही सवय वाढते. बशा एवढ्या लांब ठेवा की एकाला दुसरं दिसणार नाही, मधे दार असेल तर उत्तम. आणि तुकडे छोटे करा. हरभऱ्याएवढा तुकडा जागच्या जागी खाल्ला जातो, अंगठ्याएवढा असला की तो उचलून नेला जातो.

पाणी सांडतं म्हणून भांडं लहान करणं

मांजर पितं फार नीटनेटकं. जिभेचं टोक पाण्याला नुसतं टेकवून झटक्यात वर घेतं, पाण्याची बारीक धार वर येते आणि ती खाली पडण्याआधी तोंड मिटतं. हे सेकंदाला सुमारे चार वेळा घडतं. 2010 साली संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने टिपून ते दाखवलं. तेव्हा भांड्याभोवती थारोळं असेल तर ते पिताना सांडलेलं नसतं, पंजाने सांडलेलं असतं. स्थिर पाण्याची पातळी मांजराला चटकन कळत नाही. चकचकीत स्टीलच्या भांड्यात तर तळ आणि पृष्ठभाग एकच वाटतात. म्हणून ते आधी पंजा घालून बघतं, आणि लहान हलकं भांडं त्यातच उलटं होतं.

रुंद आणि जड भांडं घ्या. चिनी मातीचं, 18-20 सेंटीमीटर व्यासाचं असलं की झालं. रोज एकाच पातळीपर्यंत भरा, काठाखाली एक सेंटीमीटर. पातळी रोज तीच राहिली की पंजा घालणं पुष्कळ मांजरांत आठवड्याभरात कमी होतं. ज्यांना पाण्याशी खेळायलाच आवडतं त्यांचं थांबणार नाही; त्यांच्या भांड्याखाली एक परात ठेवा आणि विषय सोडून द्या. पाणी बशीला खेटून ठेवू नका. लिटरबॉक्सपासून, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या मातीच्या डब्यापासून, तर बशी आणि पाणी दोन्ही निदान दोन मीटर दूर हवीत.

इंदूरमध्ये ज्या घरी नर्मदेच्या नळासोबत बोरिंगचं पाणीही वापरात आहे, तिथे पाणी बदललं की मांजर पाण्याकडे पाठ फिरवतं. चव आणि वास त्याला लगेच कळतो. घरची माणसं पितात तेच पाणी त्याला द्या, रोज ताजं. चार किलोच्या मांजराला दिवसाला सगळं मिळून 200 मिलिलिटरच्या आसपास पाणी लागतं. 85 ग्रॅमच्या ओल्या पाऊचमधून त्यातलं 65-70 मिलिलिटर मिळून जातं, कोरड्या दाण्यांतून जवळपास काहीच नाही. किती पितं ते मोजायचं असेल तर 300 मिलिलिटर भरा आणि 24 तासांनी उरलेलं मोजा. मे महिन्यात वाफ होऊन बरंच उडतं, म्हणून तसंच दुसरं भांडं मांजराच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवून त्यातली घट वजा करा.

खाल्लेलं लगेच तोंडातून बाहेर पडलं की त्याला ओकारी समजणं

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाल्ल्यावर काही मिनिटांत, पोटाला हिसका न बसता, बोटभर लांब वळकटी बाहेर पडली आणि तिच्यात दाणे अख्खेच दिसत असतील, तर मांजराने घाईत गिळलं आणि अन्न पोटात मुरण्याआधीच परत आलं. हे मुख्यतः हावरेपणाचं लक्षण. खरी ओकारी वेगळी दिसते: आधी ओठ चाटणं, लाळ, मग पोट आत-बाहेर होणं, आणि शेवटी पातळ, पिवळट किंवा फेसाळ द्रव.

पहिल्या प्रकारासाठी घरातलं आप्पेपात्र फार उपयोगी आहे. ते जड असतं, सरकत नाही. प्रत्येक खळग्यात पाच-सहा दाणे टाका. मांजराला एकेक खळगा रिकामा करत जावं लागतं आणि दोन मिनिटांत संपणारं खाणं आठ-दहा मिनिटं चालतं. इडलीच्या थाळीला भोकं असतात, चुरा खाली पडतो, म्हणून ती वापरलीत तर परातीत ठेवा. आपलं खायचं भांडं आणि मांजराचं भांडं मात्र एक नको.

दुसरा भाग प्रमाणाचा. मांजर स्वभावाने दिवसभरात दहा-बारा वेळा थोडंथोडं खाणारं. आपण त्याला दोनदा भरभरून वाढतो आणि मग ते अधाशासारखं खातं याचं नवल करतो. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 किलोकॅलरी लागतात, म्हणजे नेहमीचे कोरडे दाणे 50 ते 60 ग्रॅम. मुठीने मोजू नका. वजनकाट्यावर तोलून सकाळीच एका डब्यात काढा आणि तेच चार-पाच वेळांत वाटून द्या. खाणं बदलायचं असेल तर सात ते दहा दिवस घ्या: आधी पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण.

फ्रिजमधून काढलेलं ओलं खाणं मांजर हुंगून निघून जातं, आणि घरचे समजतात की नखरे करतंय. थंड अन्नाला वास येत नाही आणि मांजर नाकाने जेवतं. पाऊच पाच मिनिटं कोमट पाण्याच्या वाटीत बुडवून ठेवा, बोटाला कोमट लागलं की पुरे. उन्हाळ्यात तासाभरात न संपलेलं उचला. खाऊन झाल्यावर मांजर बशीभोवतीची फरशी खरवडत असेल तर ते उरलेलं अन्न पुरून ठेवू पाहतंय. अन्न आवडलं नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. उष्टं उचललं की खरवडणं थांबतं.

पसारा पुसताना फिनाइल आणि व्हिनेगर

सगळ्यांत धोक्याची चूक हीच, आणि ती अतिशय स्वच्छ घरांत होते. पाण्यात टाकल्यावर दुधी होणाऱ्या काळ्या फिनाइलमधली फिनॉल वर्गातली विषारी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निष्प्रभ करता येत नाहीत. पांढऱ्या फिनाइलमधलं पाइन तेलही त्याला बाधतं. फरशी वाळली तरी अंश राहतो, तो पंज्यांना लागतो आणि मांजर पंजे चाटतं. बशीच्या जागी आणि मांजराच्या वाटेवर एक लिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा भांड्यांचं साबण एवढंच वापरा, मग नुसत्या पाण्याने दोनदा पुसा.

इंदूरकडच्या घरांत कोटा फरशी पुष्कळ. हा चुनखडी दगड आहे. लिंबू, व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड पडलं की चकाकी जाते आणि फिकट डाग कायमचा उमटतो. ओकारीतही आम्ल असतं, म्हणून ती वाळू देऊ नका. जुन्या पत्रिकेच्या जाड कागदाने आधी उचलून घ्या, घासू नका, मग साबणाचं पाणी. गादीवर किंवा सतरंजीवर पडलं असेल तर गार पाणी घ्या. गरम पाण्याने प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात आणि वास राहतो, आणि वास राहिला की मांजर तिथेच परत जातं.

मग मुंग्या. पावसाळ्यात बशीला अर्ध्या तासात रांग लागते आणि कुणीतरी भोवती खडूची रेघ ओढतं. या खडूंत पायरेथ्रॉइड वर्गाचं कीटकनाशक असतं आणि मांजराला ते विषारी आहे. आजीच्या साखरेच्या डब्याची युक्ती करा: परातीत एक सेंटीमीटर पाणी, मधे उपडी वाटी, वाटीवर बशी. बशी परातीच्या काठाला कुठेच टेकता कामा नये. पाणी रोज बदला, कारण त्यावर धूळ साचली की मुंग्या त्यावरून चालत जातात.

कचऱ्याचंही एक. उरलेलं खाणं ओल्या कचऱ्यात चालतं. लिटरबॉक्समधली माती मात्र त्यात घालू नका. इंदूरचा ओला कचरा 2022 पासून देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो आणि माती तिथे कुजत नाही. कागदात गुंडाळून वेगळी द्या.

आपल्या ताटातलं

दूधपोळी आणि दहीभातावर वाढवलेली मांजरं मराठी घरांत अजूनही दिसतात. मोठ्या मांजराला दूध पचतंच असं नाही. दुधातली लॅक्टोज ही साखर पचवणारं विकर वयाबरोबर कमी होतं आणि जुलाब लागतात. त्याहून मोठी अडचण टॉरिन या पोषकद्रव्याची. मांजराचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही आणि ते मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा झिजतो, आणि हृदय पसरून कमजोर होतं हे 1987 साली सिद्ध झालं. घर शाकाहारी असेल तर मांजरासाठी बनवलेलं संपूर्ण आहाराचं तयार खाणं द्या. कुत्र्याचं खाणं पर्याय नाही.

पोह्यातला कांदा, लसूणसेव, रश्श्यात कालवलेला भात, यांपैकी काहीही नको. किलोमागे पाच ग्रॅम कांद्यानेही मांजराच्या लाल पेशी फुटू शकतात, म्हणजे चार किलोच्या मांजराला 20 ग्रॅम पुरे. लसूण त्याहून घातक. लक्षणं लगेच दिसत नाहीत. दोन-चार दिवसांनी हिरड्या फिकट होतात, लघवी काळ्या चहासारखी होते. इंदूरच्या सराफा बाजारातून आणलेल्या रबडीच्या द्रोणात मांजर तोंड घालतं ते गोडासाठी नाही. गोड चव ओळखणारं जनुक मांजरात निकामी आहे, हे 2005 साली समजलं. त्याला हवी असते साय.

दोरा दिसला की ओढणं

दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, गजऱ्याचा दोरा, राखी, मखराची झिरमिळी, संक्रांतीनंतर गच्चीवर राहिलेला मांजा. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात. एकदा दोरा अडकला की तो बाहेर न येता गिळलाच जातो. त्याचं एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात पुढे सरकतं, आणि आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होतं. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, ओढलात तर तो आतडं कापत जातो. तसंच उचलून डॉक्टरांकडे न्या. पिशवीचा कोपरा कापताना तो पूर्ण सुटा करू नका, लोंबता राहू द्या. चघळायची ओढच असेल तर कुंडीत गव्हांकुर लावा: गहू आठ तास भिजवून पेरा, आठवड्याभरात बोटभर होतात.

आजाराला सवय समजणं

दाणे चावून, ओले करून, एकाच बाजूने पडत असतील, मान वाकडी करून खात असेल, तर दात दुखतोय. लिटरबॉक्समधली माती खायला लागलं तर हिरड्या बघा, फिकट असतील तर रक्त कमी आहे. म्हाताऱ्या मांजराची भूक अचानक वाढली आणि वजन मात्र उतरलं तर थायरॉइड आणि साखर तपासायला हवी. किलोमागे रोज 50 मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पिऊ लागलं तर मूत्रपिंडही. आणि 24 तास काहीच खाल्लं नाही, विशेषतः मांजर लठ्ठ असेल, तर वाट बघू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि दोन-तीन दिवसांत जिवावर बेतू शकतं.

इंदूरकरांना महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे, गल्लीतला दवाखाना असेल तर तोही चालेल. जाताना मांजर खात असतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ, पसाऱ्याचा पुसण्याआधीचा फोटो आणि वजनाचा आकडा न्या. वजनासाठी मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हा आकडा फ्रिजच्या दारावर लिहीत जा. चार किलोच्या मांजरात 400 ग्रॅमची घट डोळ्यांना दिसत नाही, पण ती दहा टक्के असते.