ब्रिटिश संसद शिकायला जाताय? शिकारबंदीच्या कायद्यापासून सुरुवात करा

संसद आणि कायदेनिर्मिती हा विषय घेऊन ब्रिटनला एमए करायला निघालेली मुलं-मुली अधूनमधून मला मेसेज करतात. प्रबंधाला विषय काय घेऊ, हा प्रश्न ठरलेला. माझं उत्तरही ठरलेलं आहे : एकच कायदा घ्या आणि तो मुळापासून खणा. मी 2004 चा हंटिंग अ‍ॅक्ट घेतला होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये शिकारी कुत्र्यांकरवी कोल्हा, हरिण, ससा अशा वन्य प्राण्यांची शिकार करण्यावर बंदी घालणारा हा कायदा. तिथल्या मुलांच्या लेखी हा विषय चावून चोथा झालेला आहे. आपल्याला मात्र त्यात ना घोड्यावरच्या लाल कोटातल्या शिकाऱ्यांचं प्रेम, ना राग. त्यामुळे आपण तो बऱ्यापैकी थंड डोक्याने वाचू शकतो.

सुरुवात भाषणांपासून करू नका. हॅन्सार्ड, म्हणजे संसदेच्या कामकाजाचा अधिकृत वृत्तांत, ऑनलाइन फुकट मिळतो, त्यात शब्द टाकून शोधता येतं, आणि नेमकं तिथेच नवखं माणूस अडकतं. शिकारीवरची 1997 ची भाषणं आणि 2003 ची भाषणं शेजारी ठेवली तर तारखा झाकल्यावर ओळखता येत नाहीत. एकीकडे क्रूरता, दुसरीकडे स्वातंत्र्य. एकीकडे शहर, दुसरीकडे खेडं. मुद्दे तेच, बरेचदा माणसंही तीच. त्यापेक्षा कोरा कागद घ्या आणि तीनच रकाने आखा : तारीख, सभागृह, आणि ही चर्चा कोणाच्या वेळेत झाली. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. कायदा का झाला किंवा का रखडला, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथे सापडतं.

1997 पासूनच पाहा. लेबर पक्षाने जाहीरनाम्यात शिकारीवर मोकळ्या मतदानाचं, म्हणजे व्हिपविना मतदानाचं आश्वासन दिलं होतं. वूस्टरचे खासदार मायकेल फॉस्टर यांनी अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक आणलं. 28 नोव्हेंबर 1997 ला दुसऱ्या वाचनाला, म्हणजे विधेयकाच्या मूळ तत्त्वावरच्या चर्चेनंतर, 411 विरुद्ध 151 असं मतदान झालं. इतकं दणदणीत बहुमत असताना कायदा 2004 पर्यंत का झाला नाही? कारण अशासकीय विधेयकांना हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहात, एका अधिवेशनात साधारण 13 शुक्रवार मिळतात. (तिथलं अधिवेशन म्हणजे सेशन साधारण वर्षभराचं असतं, आपल्या पावसाळी-हिवाळी अधिवेशनांशी गल्लत करू नका.) त्या शुक्रवारी विरोधकांना मतदान जिंकावं लागत नाही. दुरुस्त्यांचा ढीग टाकायचा आणि बोलत राहायचं. मार्च 1998 मध्ये या विधेयकाची वेळ अशीच संपली. सरकारने स्वतःच्या वेळेतला वाटा द्यायला नकार दिला आणि विषय तिथेच मिटला.

सरकारची वेळ म्हणजे काय, हे समजायला कॉमन्सच्या स्थायी नियमांतला 14 वा नियम वाचा. काही ठरावीक अपवाद सोडले तर प्रत्येक बैठकीत सरकारी कामकाजाला प्राधान्य, असं तो सांगतो. मग सरकारच्या आत चढाओढ सुरू होते. प्रत्येक खातं आपलं विधेयक पुढच्या अधिवेशनात यावं म्हणून मंत्रिमंडळाच्या समितीकडे मागणी नोंदवतं, आणि मागण्या जागांपेक्षा कायम जास्त असतात. गणपतीत कोकणात जाणाऱ्या एसटीचं आरक्षण जसं असतं, तसंच. त्या पहिल्या अधिवेशनात ब्लेअर सरकारपुढे स्कॉटलंडची संसद, मानवी हक्क कायदा, किमान वेतन अशी वजनदार विधेयकं रांगेत होती. हाउस ऑफ लॉर्ड्स या वरच्या सभागृहात तेव्हा वंशपरंपरागत लॉर्ड्सचा भरणा होता. शिकारीचं विधेयक तिथे अडकलं की मागची रांगही तुंबणार, हा हिशोब करायला मुत्सद्दी असण्याची गरज नव्हती.

वेळ काढण्याचा सभ्य मार्ग म्हणजे चौकशी समिती. डिसेंबर 1999 मध्ये लॉर्ड बर्न्स यांच्या अध्यक्षतेखाली ती नेमली गेली आणि जून 2000 मध्ये अहवाल आला. हा अहवाल मुळातून वाचाच, आणि तोही मतं बाजूला ठेवून. सरकारी भाषेचा असा नमुना क्वचित मिळतो. शिकारीमुळे कोल्ह्याच्या हिताला गंभीर बाधा पोहोचते, असं त्यात आहे. पण 'क्रूर' हा निर्वाळा समितीने दिला नाही. शिकारीवर 6,000 ते 8,000 पूर्णवेळ नोकऱ्यांइतका रोजगार अवलंबून आहे आणि नोंदणीकृत शिकारी टोळ्या वर्षाला 21,000 ते 25,000 कोल्हे मारतात, हे आकडे तिथलेच. पुढची चार वर्षं दोन्ही बाजूंनी हाच अहवाल उचलून धरला, फक्त पानं वेगवेगळी उघडली. प्रबंधात तुम्ही अहवालाचा हवाला देणार असाल तर आधी हे तपासा की ते वाक्य त्या काळात कोण वापरत होतं.

पुढचा प्रवास थोडक्यात. डिसेंबर 2000 मध्ये सरकारने तीन पर्यायांचं विधेयक आणलं. 2001 मध्ये कॉमन्सने बंदी निवडली, लॉर्ड्सने शिकाऱ्यांच्या स्वयंनियमनाचा पर्याय निवडला, आणि निवडणूक लागली. डिसेंबर 2002 मध्ये मंत्री अलन मायकेल यांनी मधला मार्ग काढला : नोंदणी करा, उपयुक्तता आणि कमीत कमी वेदना या कसोट्यांना उतरा, मग शिकार करा. जून 2003 मध्ये टोनी बँक्स या त्यांच्याच पक्षाच्या खासदाराने दुरुस्ती मांडली आणि कॉमन्सने 362 विरुद्ध 154 मतांनी ते विधेयक सरसकट बंदीचं करून टाकलं. स्वतःच्या विधेयकावरचा ताबा सरकारने असा भर सभागृहात गमावलेला फार वेळा दिसत नाही. लॉर्ड्सनी ते पुन्हा परवाना पद्धतीकडे वळवलं आणि अधिवेशन संपलं.

मग 15 सप्टेंबर 2004. त्या दिवशी पाच शिकारसमर्थक आंदोलक थेट सभागृहात घुसले, कामकाज थांबवावं लागलं. सगळे लेख त्या प्रसंगाभोवतीच फिरतात. मला त्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका जास्त बोलकी वाटते. सात वर्षं जो विषय रखडत होता, त्याचे कॉमन्समधले सगळे टप्पे सरकारने एका दिवसात उरकले. दुसऱ्या वाचनाला मतं पडली 356 विरुद्ध 166. घाईमागे कारण होतं. लॉर्ड्सची संमती नसतानाही कायदा करू देणारे 1911 आणि 1949 चे पार्लमेंट अ‍ॅक्ट वापरायचे तर तेच विधेयक लागोपाठच्या दोन अधिवेशनांत कॉमन्सने मंजूर करावं लागतं, मध्ये वर्षाचं अंतर लागतं आणि अधिवेशन संपण्याच्या निदान महिनाभर आधी ते लॉर्ड्सकडे पोहोचावं लागतं. लॉर्ड्स तरीही बधले नाहीत. 18 नोव्हेंबर 2004 ला अध्यक्ष मायकेल मार्टिन यांनी पार्लमेंट अ‍ॅक्ट लागू केला, त्याच दिवशी राजसंमती मिळाली आणि 18 फेब्रुवारी 2005 पासून बंदी अमलात आली.

हे प्रकरण आपल्याला परकं वाटू नये. महाराष्ट्रात विधान परिषद आहे, आणि राज्यघटनेचं कलम 197 तिला याच जातीच्या मर्यादेत ठेवतं : परिषद विधेयक आधी तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर केल्यावर आणखी एक महिना रोखू शकते, कायमचं अडवू शकत नाही. ब्रिटनला जाण्याआधी हे कलम नीट वाचून जा. चर्चासत्रात वरच्या सभागृहाच्या अधिकारांचा विषय निघतोच, आणि तेव्हा आपल्याजवळ सांगण्यासारखं काही असतं.

पार्लमेंट अ‍ॅक्टवर पुढे न्यायालयात जॅक्सन खटला झाला. 1949 चा कायदाच 1911 च्या कायद्याच्या बळावर, लॉर्ड्सच्या संमतीविना झालेला, मग तो वैध कसा, असा शिकारसमर्थकांचा युक्तिवाद होता. नऊ न्यायमूर्तींनी ऑक्टोबर 2005 मध्ये तो फेटाळला. निकाल लांबलचक आहे, पण संसदेच्या सार्वभौमत्वावर परीक्षेत प्रश्न आला तर तोच कामाला येतो. कायद्याचे विद्यार्थी नसाल तरी वाचा.

आता एक आकडा. 'शिकारीवर संसदेचे 700 तास वाया गेले' हे वाक्य बंदीविरोधकांच्या लिखाणात आजही भेटतं. ते उतरवून घेण्याआधी विचारा : कोणत्या वर्षापासूनचे तास? दोन्ही सभागृहांचे? समितीतले धरून? आणि समजा आकडा बरोबर निघाला, तरी 'वाया' हे मत झालं. मला स्वतःला वाटतं की सरकारने 1997 मध्येच आपली वेळ दिली असती तर तास बरेच कमी लागले असते. लांबण लागली ती टाळाटाळीमुळे. ब्लेअर यांनी आत्मचरित्रात या कायद्याबद्दल खेद व्यक्त केला आहे, तोही वाचताना हे लक्षात असू द्या.

उलट उदाहरणही हवं, नाहीतर परीक्षक पकडतात. जुलै 2015 मध्ये डेव्हिड कॅमेरून यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने कायद्यातल्या सवलती सैल करायला नव्या विधेयकाऐवजी दुय्यम विधीचा, म्हणजे मूळ कायद्यानेच दिलेल्या अधिकारातून मंत्र्याने काढायच्या आदेशाचा, आखूड रस्ता धरला. तिथे दीड तासाची चर्चा पुरणार होती. वेळ होता, मतं नव्हती. बहुमत अवघं 12 चं, स्वपक्षातले काही विरोधात, आणि स्कॉटिश नॅशनल पार्टीने विरोधात मतदान करायचं जाहीर केल्यावर प्रस्ताव मतदानाच्या आदल्या दिवशी मागे घेतला गेला. 2017 मध्ये थेरेसा मे यांनी मोकळ्या मतदानाचं आश्वासन दिलं, निवडणुकीत बहुमत गेलं, ब्रेक्झिटने वेळापत्रक गिळलं. 2024 च्या लेबर जाहीरनाम्यात 'ट्रेल हंटिंग'वर बंदीचं वचन होतं. आधी टाकलेल्या गंधाच्या मागावर कुत्रे धावतात असा हा प्रकार, आणि त्याच्या आडून खरी शिकार चालते हा विरोधकांचा आरोप. त्या जुलैच्या राजाच्या भाषणात, म्हणजे सरकारच्या नव्या अधिवेशनाच्या कार्यक्रमात, सुमारे 40 विधेयकांची यादी होती. हे त्यात नव्हतं. चालू विषयावर प्रबंध करायचा असेल तर हा घ्या.

बैलगाडा शर्यतीशी तुलना करायचा मोह होईल. करा, पण जपून. आपल्याकडे 2017 मध्ये राज्याने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली तेव्हा सगळेच पक्ष शर्यतीच्या बाजूने होते. गावच्या मतदाराला दुखवणं कोणालाच परवडणारं नव्हतं. इंग्लंडमध्ये 2002 साली सुमारे चार लाख लोक बंदीच्या विरोधात लंडनच्या रस्त्यावर उतरले, तरी शहरी मतदारांवर निवडून आलेल्या सत्ताधारी खासदारांवर परिणाम झाला नाही. तुलना करायचीच तर मतदारसंघांच्या रचनेची करा, कोल्हा आणि बैलाची नको.

काही व्यवहाराच्या गोष्टी. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मतदार यादीत नाव घालता येतं आणि संसदेच्या निवडणुकीत मतही देता येतं. आपल्याकडच्या फार कमी मुलांना हे ठाऊक असतं. गेल्या गेल्या नोंदणी करा. खासदाराला पत्र लिहिताना त्या मतदारसंघातला आपला पत्ता आणि पोस्टकोड न विसरता घाला, कारण आपल्या मतदारसंघाबाहेरच्यांना ते सहसा उत्तर देत नाहीत. प्रेक्षक सज्जात बसून चर्चा ऐकायला पैसे पडत नाहीत, आणि पंतप्रधानांचा प्रश्नोत्तराचा तास सोडला तर आधी तिकीटही लागत नाही. गुरुवारी सभागृह नेता पुढच्या आठवड्याचं कामकाज जाहीर करतो. ते निवेदन आणि त्यावरचे प्रश्न नियमित ऐका. कॉमन्स लायब्ररीच्या टिपणांपासून वाचन सुरू केलं तर निम्मं काम हलकं होतं.

परत येऊन याच क्षेत्रात काम करायचं असेल तर पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप पाहा. तीत पदवीधरांना एका खासदारासोबत पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत काम करायला मिळतं. तिला वयाची अट आहे, त्यामुळे एमएला निघण्याआधीच तिचे नियम वाचून ठेवा. काहींसाठी आधी फेलोशिप आणि मग परदेश हाच क्रम सोयीचा ठरतो.